‘क्लच बसवून घ्या’ म्हणणाऱ्यांना

नांदेड-लातूरकडे ऑटोमॅटिक गाडी बिघडली की सल्ला फुकटात मिळतो आणि तो सगळीकडे एकच असतो. देगलूर नाक्यावरचे मिस्त्री तो देतात, औसा रोडवर पंक्चर काढणारा पोरगा देतो, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले मामाही देतात. "काढून टाका ते ऑटोमॅटिक. क्लच बसवून घ्या, एकदाची कटकट मिटंल." सल्ला देणाऱ्याचा एक रुपयाही त्यात अडकलेला नसतो, त्यामुळं आवाजात खात्री मोठी असते. जोडीला दाखले येतात. अमक्याच्या साडूनं उदगीरला करून घेतलं, तमक्यानं हैदराबादहून जुना माल आणून बसवला, गाडी आता लोण्यासारखी चालते. तो साडू आणि ती गाडी बघायला मागितली की मात्र दोघंही गावात नसतात.

या सल्ल्याला माझा विरोध आहे. देणारे अडाणी आहेत म्हणून नाही. त्यातल्या बऱ्याच जणांनी माझ्या वयाइतकी वर्षं गाडीखाली काढली आहेत, आणि त्यांच्या म्हणण्यात एक मुद्दा तर असा आहे की त्याला उत्तर देताना माझी दमछाक होते. तो मुद्दा पुढं येईलच. आधी बाकीचं झाडून घेऊ.

कोणत्या गाड्यांबद्दल बोलतोय ते ठरवलेलं बरं. 2014 पर्यंत मराठवाड्यात ऑटोमॅटिक म्हणजे एखादा मोठा डॉक्टर, एखादा बिल्डर, नाहीतर पुण्याहून दिवाळीला आलेला जावई. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत मारुतीनं मॅग्नेटी मारेली या इटालियन कंपनीचं तंत्र घेऊन सेलेरिओ आणली, आणि मॅन्युअलपेक्षा सुमारे 40 हजार जास्त मोजले की बिनक्लचची गाडी दारात उभी राहू लागली. त्याच वर्षी टाटाची झेस्ट आणि अल्टो के-10 आल्या, 2015 मध्ये नॅनो, 2016 मध्ये क्विड, 2018 मध्ये नवी सँट्रो. या सगळ्या एएमटी, म्हणजे ऑटोमेटेड मॅन्युअल. मारुती तिला एजीएस म्हणते. पहिल्या लाटेतल्या त्या गाड्यांनी आता दहा वर्षं ओलांडली. पुण्या-मुंबईचा ट्रॅफिक खाऊन त्या दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडं, आपल्या गल्ल्यांत आल्या आहेत. काहींच्या पाटीवर अजून एमएच-12 आहे. क्लच बसवायचा सल्ला आत्ताच एवढा का फोफावला, याचं कारण हे आहे.

एएमटीत गिअरबॉक्स मॅन्युअलचाच असतो, हे विरोधी पक्षाचं पहिलं म्हणणं. ते खरं आहे. तेच पाच गिअर, तीच कोरडी क्लच प्लेट, तीच प्रेशर प्लेट. क्लच दाबणारा पाय आणि गिअर टाकणारा हात यांचं काम करायला गिअरबॉक्सवर एक युनिट बसवलेलं असतं. मारुतीच्या युनिटात विजेवरचा छोटा पंप तेलाचा दाब तयार करतो, व्हॉल्व्ह तो दाब हवा तिकडं सोडतात, क्लच सुटतो, गिअर पडतो. सँट्रोत तेलाऐवजी थेट विजेच्या मोटरी आहेत. हुकूम सोडायला कॉम्प्युटर. तेव्हा वरचं खोकं काढलं, पेडल आणि केबल लावली, की गाडी मॅन्युअल, असं वाटणं साहजिक आहे.

परदेशातही हे करतात, असं यूट्यूब बघून सांगणारे आहेत. करतात ना. 2000 च्या दशकातल्या बीएमडब्ल्यू एम-3 ला एसएमजी नावाची अशीच यंत्रणा होती, आत सहा गिअरचा मॅन्युअल बॉक्स आणि वर हायड्रॉलिकचा पसारा. तो पसारा काढून तिसरं पेडल बसवणारी वर्कशॉपं तिकडं आहेत. पण त्यांचा हिशेब बघा. त्या गाडीमागं हौशी लोक पैशांची थैली घेऊन फिरतात, मॅन्युअल केली की तिला गिऱ्हाईक वाढतं, आणि गाडीच्या कॉम्प्युटरला ‘आजपासून तू मॅन्युअल’ असं शिकवणारं सॉफ्टवेअर त्या वर्कशॉपकडं असतं. आपल्या दहा वर्षांच्या सेलेरिओला यातलं काय लागू पडतं?

टॉर्क कन्व्हर्टरवाल्या जुन्या ऑटोमॅटिकबद्दल तर बोलायलाच नको, पण तिथंही हा सल्ला निलाजरेपणानं दिला जातो म्हणून थोडक्यात सांगतो. जुन्या आय-10 मध्ये असायचा तो चार गिअरचा बॉक्स घ्या. तिथं कोरडी क्लच प्लेट नावाची वस्तूच नाही. फ्लायव्हीलच्या जागी पातळ प्लेट आहे, तिच्यावर क्लच बसत नाही. म्हणजे फ्लायव्हील बदला, गिअरबॉक्स बदला, त्याची माउंटिंगं बदला, लांबी जुळत नसेल तर चाकांकडं जाणारे शाफ्ट बदला, रेडिएटरमधून गिअरबॉक्सचं तेल थंड करणाऱ्या नळ्या बंद करा. एवढं करून जे उरतं त्याला गाडी म्हणायचं की भंगार बाजारातलं संमेलन, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

आता पेडलकडं येऊ. सल्ला देणारा ते असं उच्चारतो की जणू सायकलला स्टँड बसवायचा आहे. एकदा दार उघडून, गुडघे टेकून, मोबाइलची बॅटरी लावून डॅशबोर्डखाली बघा. आपल्या गाड्यांचं स्टीअरिंग उजवीकडं, त्यामुळं क्लचची जागा येते स्टीअरिंगच्या दांड्याच्या डावीकडं. तिथं आधीच दाटी असते. एसीच्या ब्लोअरचं प्लास्टिक, फ्यूजकडं जाणारा वायरिंगचा जुडगा, ब्रेक पेडलचा ब्रॅकेट. समोर जो पत्रा दिसतो, इंजिन आणि केबिन यांच्या मधला, ज्याला गॅरेजमध्ये फायरवॉल म्हणतात, त्याला भोक पाडून क्लचची केबल पलीकडं न्यायची असते. काही मॉडेलांत कंपनीनं दोन्ही गाड्यांसाठी पत्रा एकच ठेवलेला असतो आणि रबरी बूच काढलं की तयार भोक मिळतं. ते मिळालं तर नशीब. नाही मिळालं तर ड्रिल चालतं, आणि ड्रिलच्या पलीकडं कोणती वायर आहे हे ड्रिलला कळत नाही.

भोकापेक्षाही पत्र्याचा प्रश्न मोठा आहे. क्लच दाबताना पायाचा जोर समजा 10 किलोचा, आणि पेडलचं गुणोत्तर पाचास एक. केबलवर ओढ आली 50 किलोची. केबलच्या आतली तार जेवढ्या जोरानं ओढली जाते, तेवढ्याच जोरानं तिचं बाहेरचं आवरण पत्र्याला ढकलतं. प्रत्येक गिअरला एकदा, प्रत्येक सिग्नलला दोनदा, गंजगोलाईत सोळा रस्त्यांच्या तोंडाशी अडकलात तर मोजू नका. मॅन्युअल गाडीत त्या जागी पत्र्यामागं जाड पट्टी असते, पेडलचा ब्रॅकेट वर डॅशबोर्डच्या आडव्या दांड्यालाही बांधलेला असतो, म्हणजे जोर वाटला जातो. गल्लीत बसवलेल्या पेडलला बहुतेक वेळा दोन नट आणि एक वॉशर एवढाच आधार. काही महिन्यांनी क्लच दाबला की पत्रा आत-बाहेर व्हायला लागतो, क्लच पूर्ण सुटत नाही, गिअर खरखर करत पडतो. मग मिस्त्री केबल ताणून देतात. पुन्हा ढिला, पुन्हा ताण. शेवटी वेल्डिंग. कार्पेट आणि वायरिंग यांच्या शेजारी वेल्डिंगची ठिणगी म्हणजे काय, हे गॅरेजवाल्यांना मी सांगायची गरज नाही.

आणि ब्रेकचं पेडल? ऑटोमॅटिकमध्ये ते रुंद असतं. डाव्या पायाला तिथं काम नसल्यामुळं कंपनी मोकळ्या हातानं मोठं पेडल देते. ते न बदलता शेजारी क्लच बसवला की घाईच्या वेळी क्लचवरून उचललेला बूट ब्रेकच्या कडेला अडकतो. बदल करून देणाऱ्यांपैकी किती जण ब्रेक पेडलही बदलतात, हे विचारून बघा. उत्तरात साधारणपणे चहा मागवला जातो.

इथं आमच्याकडची एक जुनी पुण्याई पुढं केली जाते. "अहो, बापजाद्यांनी पेट्रोलच्या जीपला डिझेल इंजिन बसवलं, अॅम्बॅसडरला मेटॅडोरचं इंजिन बसवलं, मग एक क्लच तो काय!" त्या कारागिरीबद्दल मला आदर आहे. त्या काळी शेतकऱ्याला पेट्रोल परवडत नव्हतं, आणि लेथवर एक जाड प्लेट कातून दोन वेगळ्या कंपन्यांचं लोखंड एकमेकांना जोडणाऱ्या हातांनी त्याची सोय केली. पण त्या जीपमध्ये फसवायला कोणी नव्हतं. बॅटरी, डायनामो, दोन दिवे आणि हॉर्न, संपलं वायरिंग. आजच्या गाडीत इंजिनाचा कॉम्प्युटर गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरशी सतत बोलत असतो. गिअरबॉक्सचं युनिट काढून घेतलं की पहिला ओरडायला लागतो. चेक इंजिनचा दिवा लागतो, काही गाड्यांत इंजिन ताकद आखडून घेतं. यावर गल्लीतला उपाय म्हणजे दिव्यामागं काळी चिकटपट्टी. उद्या खरंच एखादा सेन्सर मेला तर तो दिवा कोणाला सांगणार? 2020 च्या एप्रिलपासून आलेल्या बीएस-6 गाड्यांत तर हा संवाद आणखी दाट झाला आहे.

याहून वाईट प्रकार स्टार्टरचा. एएमटी गाडी न्यूट्रलमध्ये आणि ब्रेकवर पाय असल्याशिवाय सुरू होत नाही. गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर काढला की ही परवानगी देणारं कोणी उरत नाही, म्हणून एक वायर सोलून दुसरीला पिळतात आणि गाडी केव्हाही सुरू होईल अशी सोय करतात. मॅन्युअल चालवणारा माणूस गाडी गिअरमध्ये ठेवून उभी करतो, तशी घरच्यांनी सांगितलेलीच सवय असते. सकाळी कोणीतरी पोरगं एसी लावायला म्हणून चावी फिरवतं आणि गाडी समोरच्या ओट्यावर उडी घेते.

रस्त्यांचं आणि घाटाचं कारण ऐकून मात्र हसू येतं. "पुण्यात ठीक आहे, आपल्या भागात ऑटोमॅटिक चालत नाही." आपल्या भागात म्हणजे कुठं? नांदेड ते लातूर हा लोहा, अहमदपूर, चाकूरवरून जाणारा रस्ता आता 361 क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आहे. बालाघाटाचे चढ आहेत, पण ते काही कसारा नव्हे. गळीत हंगामात भाऊराव चव्हाण कारखान्याकडं किंवा मांजराकडं निघालेल्या उसाच्या दोन-दोन ट्रॉल्यांमागं पहिल्या-दुसऱ्या गिअरवर सरकताना डावा पाय दुखतो तो क्लचवाल्याचा. एक खबरदारी मात्र खरी आहे : चढावर एएमटी गाडी अॅक्सिलरेटरवर धरून ठेवू नये, ब्रेकवर धरावी. नाहीतर प्लेट जळते. पण हाफ क्लचवर गाडी धरणाऱ्याची प्लेटही तशीच जळते, कारण प्लेट तीच आहे.

मायलेजचं म्हणाल तर सेलेरिओ बाजारात आली तेव्हा मॅन्युअल आणि एएमटी दोन्हींचा प्रमाणित आकडा लिटरला 23.1 किलोमीटर होता. पुढं काही सांगायची गरज नाही.

आता तो मुद्दा, ज्याला मी घाबरतो. "साहेब, सगळं मान्य. पण एएमटी बिघडली तर नांदेडात बघणार कोण? मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली की अख्खं युनिट बदला म्हणतात. आकडा पाच अंकी. गाडी दोन-अडीच लाखांची. गरीब माणसानं काय करायचं?" हे म्हणणारा माणूस थापा मारत नाही. छोट्या शहरांत या गाड्या विकताना जेवढी घाई झाली, तेवढी त्या दुरुस्त करणारी माणसं तयार करताना झाली नाही. शोरूमच्या काचेत ‘क्लचपासून मुक्ती’ची पाटी लागली आणि मागच्या शेडमध्ये युनिट उघडून आतला एकच खराब भाग बदलणारा हात नव्हता. त्याचा राग ग्राहकाला आला तर चूक काय?

पण याच रागातून क्लच बसवायचा निर्णय होतो, आणि तिथंच घोळ आहे. युनिट खरंच गेलं आहे हे ठरवलं कोणी? गाडी न्यूट्रलवरून हलत नाही, डिस्प्लेवर एन चमकतो, गाडी झटके मारते, एवढ्यावर ‘युनिट गेलं’ असा दाखला मिळतो. तपासायचा क्रम खरं तर स्वस्ताकडून महागाकडं असायला हवा. पहिली बॅटरी. तेलाचा दाब करणारा पंप विजेवर चालतो. बॅटरी ढिली पडली की दाब बनत नाही आणि गिअर पडत नाही. मराठवाड्यात पारा बेचाळीसच्या वर जातो, उन्हात उभ्या गाडीच्या बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त, आणि त्या उष्णतेत बॅटरीचं आयुष्य आटतं हे इथल्या प्रत्येक इलेक्ट्रिशियनला ठाऊक आहे. दुसरा ब्रेक पेडलवरचा छोटा स्विच. तो ‘पाय ब्रेकवर आहे’ हे सांगत नसेल तर गाडी गिअर घेणारच नाही. त्या स्विचला लागतात काहीशे रुपये. तिसरं, युनिटच्या टाकीतलं तेल कमी झालंय का, कुठून गळतंय का. चौथं, वायरच्या कनेक्टरवर हिरवा गंज.

आणि पाचवं, ज्यानं सगळ्यात जास्त गाड्या बदनाम केल्या आहेत. क्लच प्लेट बदलली की एएमटीच्या कॉम्प्युटरला नवी प्लेट कुठं पकडते, कुठं सुटते हे स्कॅनर लावून शिकवावं लागतं. गॅरेजमध्ये त्याला लर्निंग म्हणतात. ते न करता गाडी मालकाच्या ताब्यात दिली की ती जुन्या, झिजलेल्या प्लेटच्या हिशेबानं चालायला जाते, धक्के मारते, चढावर मागं येते. मालक परत येतो. मिस्त्री खांदे उडवतात, "मी प्लेट नवी टाकली, आता युनिटच गेलं असणार." तिथून पुढं हैदराबादचा जुना माल, क्लचचं पेडल, ड्रिल, सगळं ओळीनं येतं. ज्या गाडीला स्कॅनरवर थोडा वेळ हवा होता तिचं असं शवविच्छेदन होतं.

म्हणून दुरुस्ती होत नाही या तक्रारीवर उत्तर दुरुस्तीचंच असायला हवं. जिल्ह्याच्या गावी दोन-चार गॅरेजांनी मिळून एक चांगला स्कॅनर घेतला, आलटून-पालटून वापरला, तरी निम्म्या गाड्यांचा प्रश्न सुटेल. विष्णुपुरीला श्री गुरू गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था आहे, लातूरला पुरणमल लाहोटी शासकीय तंत्रनिकेतन आहे, दोन्ही जिल्ह्यांत आयटीआय आहेत. उन्हाळ्याच्या सुट्टीत गॅरेजवाल्यांसाठी एएमटीचा एक छोटा वर्ग घ्यायला कोणत्या मंत्र्याची सही लागते? लातूरनं बारावीच्या निकालासाठी अख्खा पॅटर्न उभा केला. दहा मिस्त्री शिकवणं त्या मानानं किरकोळ आहे.

आता जरा दुसरीकडं वळतो, कारण या सगळ्या चर्चेत एक माणूस कधी बोलतच नाही. सायंकाळी लातूरच्या ट्युशन एरियात जाऊन उभं राहा. क्लास सुटायच्या वेळी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाड्या लागलेल्या असतात आणि त्यातल्या बऱ्याच छोट्या एएमटींच्या स्टीअरिंगमागं बायका असतात. कोणी शिक्षिका, कोणी बँकेतल्या, कोणी घरीच. वयाच्या चाळिशीत गाडी शिकल्या, कारण क्लच नव्हता. नवऱ्याची वाट न बघता पोरीला रेणापूर नाक्यावरून घरी नेऊ लागल्या. घरातला पुरुष ‘क्लच बसवून घेतो’ म्हणतो तेव्हा गाडीबरोबर त्या बाईचं स्टीअरिंगही काढून घेतो. गुडघ्याची वाटी झिजलेल्या निवृत्त मास्तरांचं तेच, डाव्या पायानं अधू असलेल्या दुकानदाराचं तेच. "खरी गाडी चालवायची मजा क्लचमध्येच" हे वाक्य मी अशा माणसांच्या तोंडून कधी ऐकलेलं नाही. ज्यांचे दोन्ही पाय ठणठणीत आहेत आणि घरातली चावी ज्यांच्याच खिशात असते, ते हे बोलतात. मजा हवीच असेल तर ती स्वतःच्या मॅन्युअल गाडीत घ्यावी. मी मॅन्युअलचा वैरी नाही.

कायद्याची बाजू शेवटी घेतो, कारण आपल्याकडं ती कोणाला घाबरवत नाही. मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 सांगतं की उत्पादकानं दिलेला तपशील आणि नोंदणी प्रमाणपत्रावरचा तपशील यांत तफावत पडेल असा बदल मालकानं करू नये. 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं केरळमधून आलेल्या एका प्रकरणात, न्या. अरुण मिश्रा आणि न्या. विनीत सरन यांच्या खंडपीठानं, हे कलम कडकपणे वाचलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम 182अ नव्या रूपात आलं : परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागं 5000 रुपये दंड, किंवा दोन्ही.

यावर हुशार माणसं म्हणतात, आरसीवर गिअरबॉक्सचा रकानाच नाही, मग तफावत कसली? रकाना नाही, हे खरं. पण मॉडेलच्या नावाचा रकाना आहे, आणि त्या नावाच्या शेपटीला बहुधा एजीएस नाहीतर एएमटी लिहिलेलं असतं. अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर गाडी बघायला येतो तेव्हा तो आधी कागद बघतो आणि मग आत वाकतो. कागदावर एजीएस आणि पायाशी तीन पेडलं. पुढचा संवाद तुम्ही कल्पनेनं रंगवा. "सीएनजी किट बसवायला चालतं, मग हे का नाही?" असंही विचारतात. चालतं, कारण इंधन बदलण्याला त्याच कलमानं वाट ठेवली आहे, मान्यताप्राप्त किट असतं, बसवल्यावर आरटीओत जाऊन आरसीवर नोंद होते. अपंग व्यक्तीसाठी गाडीत बदल करायचा तर त्यालाही वाट आहे. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत तर शिकवणाऱ्याच्या पायाशी जास्तीचे कंट्रोल हवेत असं नियमच म्हणतो. हे सगळे बदल उघड्यावर, कागदावर होतात. ऑटोमॅटिकचं मॅन्युअल करणाऱ्यानं आरटीओत अर्ज दिल्याचं मी अजून पाहिलेलं नाही. ते काम शटर अर्धं ओढूनच होतं.

मग गरीब माणसानं काय करायचं, हा प्रश्न उरतोच. तपासणी वरच्या क्रमानं करून घ्या. युनिट खरंच गेलं असेल तर नवंच लागतं असं नाही, उघडून दुरुस्त करणारे लोक हैदराबाद-पुण्याकडं आहेत, भाव विचारा. तोही परवडत नसेल तर गाडी आहे तशी, खोट सांगून विका आणि त्याच पैशात जुनी मॅन्युअल घ्या. नांदेडच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात मॅन्युअलचा तुटवडा नाही. पेडल, केबल, लिव्हर, जुना माल, मजुरी, वेल्डिंग आणि नंतरच्या चार फेऱ्या यांची बेरीज करून बघा. अदलाबदलीत जाणारी रक्कम बहुतेक वेळा त्याहून कमी भरते. आणि मिस्त्री, तुम्हालाही सांगणं आहे. गिऱ्हाईक स्वतःहून ‘क्लच बसवा’ म्हणत आलं तरी नाही म्हणा. उद्या त्या गाडीचं काही झालं तर ड्रिल कोणाच्या हातात होतं हे गाव विसरत नाही.

जुनी गाडी घ्यायला निघालेल्यांसाठी एवढंच. किंमत ठरवण्याआधी आरसीवर मॉडेलचं पूर्ण नाव वाचा आणि मग पायाशी पेडलं मोजा. नावात एजीएस किंवा एएमटी असेल आणि पेडलं तीन भरली, तर विसार देऊ नका, चावी परत करा आणि घरी या.